वेलांटीचा कान धरणारे मास्तर

मास्तरांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्यांच्याबद्दल काही बरं लिहून गेलो तर वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. मला फसवणारी माणसं फार नाहीत. लक्ष्मीपुरीत तीस वर्षं धंदा केला, दोन जुन्या टाइपरायटरांवर सुरुवात केली, आणि दुकानदारानं सांगितलेल्या पहिल्या भावात आजवर चप्पलसुद्धा घेतलेली नाही. स्वतःच्या लग्नात बँडवाल्याशी घासाघीस करत बसलो म्हणून मुहूर्त टळायची वेळ आली होती. अशा माणसाला एका पेन्शनर मास्तरांनी फसवलं. तेही दोनदा.

मास्तर पहिल्यांदा माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आले ते विद्यार्थी म्हणून. वय अठ्ठावन्न पूर्ण. धोतर, काळी टोपी, कपाळाला भस्माचे तीन पट्टे. गडहिंग्लजकडचे, त्यामुळं घरात कानडी आणि बाहेर मराठी. मला म्हणाले, "तम्मा, मला मराठी टायपिंग शिकायचं हाय." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी तेव्हा चाळिशीतला, चार मशीन आणि साठ विद्यार्थिनींचा मालक. मला माझी आईसुद्धा तेव्हा नावानं हाक मारत नव्हती.

"कशाला शिकायचं आता, मास्तर?" मी विचारलं.

"अर्ज करायचे हायत. हातानं लिहिलेले कोण वाचंना झालंय."

कसले अर्ज, ते पुढं कळलं. मास्तर गावातल्या प्रत्येक यादीविरुद्ध अर्ज करत. रेशन दुकानाबाहेरची यादी, लस टोचायची यादी, वाचनालयाच्या सभासदांची यादी. नावं अक्षरांच्या क्रमानं नसली की ते खिशातून पेन्सिल काढून तिथल्या तिथं खुणा करत आणि मग घरी जाऊन अर्ज लिहीत. एकदा सिनेमाच्या थेटराबाहेर नटनट्यांची नावं क्रमवार नाहीत म्हणून मॅनेजरशी भांडले. मॅनेजर म्हणाला, "हिरोचं नाव वर असतंय, मास्तर." मास्तर म्हणाले, "मग हिरोला अ वरनं नाव ठेवा की."

हे वेड कुठून आलं, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. त्यांचं आडनाव ह वरून. संस्थानच्या काळात महाराजांच्या वाढदिवसाला शाळेत पेढे वाटायचे, हजेरीच्या क्रमानं. परात ह पर्यंत पोचायची तेव्हा तीत नुसता तुपकट कागद उरलेला असायचा.

"मला त्याचं कायबी वाटलं न्हाय," मास्तर म्हणाले. "ह शेवटाला हाय, तर शेवटाला हाय. पण एका वर्षी परातीत एक पेढा उरला हुता. माझा. तर हेडमास्तरांचा भाचा मधनंच उठला आणि घेऊन गेला. त्याचं आडनाव य वरनं, त्याचा पेढा त्यानं आधीच खाल्ला हुता. तवापास्नं मला रांगेत घुसलेलं खपत न्हाय. यादी म्हणजे रांगच की, तम्मा. कागदावर उभी ऱ्हायलेली."

नोकरीची बरीच वर्षं त्यांनी गगनबावड्याला काढली. तिथल्या पावसात हजेरीपटाची शाई पसरायची, म्हणून दर पावसाळ्यात चार-पाचदा ते सगळी नावं नव्यानं क्रमानं उतरवून काढायचे. एखाद्याला पावसाळ्यात चहा-भज्यांची आठवण येते, मास्तरांना वर्णमालेची यायची.

टायपिंग त्यांना कधीच आलं नाही. मिनिटाला बारा शब्द, आणि त्यातले चार खोडलेले. मग ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी कॉम्प्युटर घेतला. आमच्या गल्लीतला पहिला. माणसं खिडकीतून बघायला यायची. सोबत मराठी अक्षरं दाखवणारा प्रोग्राम हवा होता. पुण्याचा विक्रेता दोन प्रकार घेऊन आला. एक महाग, त्यात यंत्राच्या पोटात बसवायचं एक कार्ड होतं. दुसरा स्वस्त, नुसत्या फ्लॉपीवर. दोन्हींतून पडद्यावर मराठी सारखीच दिसत होती. मी स्वस्तातला घेतला आणि तोही घासून घासून निम्म्या किमतीत आणला. विक्रेता जाताना माझ्याकडं बघून हसला. तेव्हा मला वाटलं, हरलेला माणूस हसतोय.

यंत्र आलं, पण चालवायचं कुणाला येईना. सोबत आलेली इंग्रजी पुस्तकं मास्तरांनी मागून नेली, खाकी कव्हरं घातली, आणि तीन आठवड्यांनी परत येऊन म्हणाले, "मला हितं बसू दे. पेन्शन हाय, पगार नको." मी हो म्हणालो. आयुष्यात केलेला सगळ्यात स्वस्त सौदा. तो केवढ्याला पडला ते पुढं येईलच.

मास्तरांची प्रोग्राम लिहायची पद्धत कुठल्याच पुस्तकात नसेल. आधी पाटीवर लिहायचे. पाटी भरली की यंत्रावर उतरवायचे, पाटी पुसायचे, पुढचं लिहायचे. तपासायचं असलं की फरशीवर मांडी घालून बसायचे. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांनी पत्त्यांएवढे तुकडे केले होते. प्रत्येकावर एक आडनाव, मागच्या बाजूला कुणाचे तरी "आमचे येथे श्रीकृपेकरून". ते तुकडे ते हातानं क्रमानं लावायचे, मग तेच काम यंत्राला सांगायचे. दोन्ही जुळलं तर "शहाणं" लिहिलेला तुकडा पडद्यावर टेकवून ठेवायचे. नाही जुळलं तर "यडं". आणि मग यंत्राला कानडीत शिव्या.

"मराठीत द्या की, आमालाबी कळंल," आमची टायपिस्ट अश्विनी म्हणायची.

"मराठी त्याला थोडी थोडी याय लागलीय. उगा भांडण वाढायचं."

चहाचीही एक तऱ्हा होती. अर्धा कप आधी प्यायचे, उरलेल्या अर्ध्यावर बशी पालथी घालून ठेवायचे. प्रोग्राम बरोबर चालला की तो अर्धा. न चालला तर संध्याकाळी मोरीत. गार चहा मोरीत ओतायचे ते अगदी गंभीर तोंड करून, जसं काही कुणाला तरी पोचवून आलेत.

आता ती वेलांटी. माझ्या स्वस्त प्रोग्रामची गोम मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी शोधून काढली. टाइपरायटरवर "शि" काढायची तर आधी ऱ्हस्व वेलांटीची कळ दाबायची आणि मग श ची. माझ्या सगळ्या मुली तसंच शिकलेल्या. महागातल्या कार्डाला कळायचं की ही वेलांटी पुढच्या श ची आहे. माझा स्वस्तातला प्रोग्राम कळ दाबली त्याच क्रमानं साठवायचा. पडद्यावर "शिंदे" दिसायचं, पण पोटात आधी वेलांटी, मग श. शिवाय यंत्राला अक्षर म्हणजे नुसता आकडा. वेलांटीचा आकडा सगळ्यात लहान, अर्ध्या अक्षरांचे आकडे सगळ्यात मोठे. नावं क्रमानं लावायला सांगितली की किणेकर, गिरी, पिसे, शिंदे, हिरेमठ हे सगळे अ च्याही आधी एका गठ्ठ्यात, आणि म्हेत्रे, स्वामी सगळ्यांच्या शेवटी. श मध्ये शोधलं तर शेळके सापडायचा, शिंदे गायब.

"तम्मा, तू शिंद्यांचं डोकं उचलून मागं आणि धड पुढं ठेवलंयस," मास्तर म्हणाले.

"चालवून घ्या."

"चालवून कसं घेऊ? माणूस हाय का भाजी?"

मग त्यांनी प्रोग्राम लिहायला घेतला. प्रत्येक वेलांटीचा कान धरायचा आणि तिला आपल्या अक्षराच्या मागं नेऊन उभं करायचं. प्रत्येक अर्ध्या अक्षराला त्याच्या पुऱ्या भावाशेजारी बसवायचं. सगळी ओळ सरळ झाली की मग क्रम लावायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण अश्विनीचंच नाव घातलं आणि वेलांटी हरवली. तिथं तिला श आणि व दोघांच्याही मागं न्यायला हवं होतं. ती अर्ध्या श पाशीच थांबली. तीन दिवस अश्विनी सकाळी आल्या आल्या विचारायची, "मास्तर, माझी वेलांटी सापडली का?"

"सापडली, पोरी. दारात अडकलीय. आत घ्यायचं चाललंय."

शोधायचंही त्यांनी तसंच केलं. "पाटील" शोधलं की "पाटिल"ही सापडला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मी म्हणालो, दोन वेगळे शब्द आहेत. मास्तर म्हणाले, "वेलांटी लांबली म्हणून बाप बदलतोय व्हय रं? माणूस एकच हाय. लिहिणारा गडबडीत हुता." त्यांच्या त्या शोधात एकाच गावात एकच माणूस दोन वेलांट्यांनी दोनदा सापडायचा, आणि मास्तर टाळी वाजवायचे.

हे सगळं चाललं होतं ते एका मोठ्या कामासाठी. एका साखर कारखान्याची निवडणूक होती आणि सभासदांची गावनिहाय मतदार यादी छापायचं काम मी मिळवलं होतं. कसं मिळवलं ते मलाच माहीत. त्यासाठी दोन महिने रोज कुणाच्या तरी दारात बसलो होतो. सोमवारी सकाळी तीन प्रती निवडणूक अधिकाऱ्याला द्यायच्या. शुक्रवारी मास्तरांचा प्रोग्राम अजून अडखळत होता, म्हणून मी आहे तशीच एक प्रत छापून ठेवली. बिघडलेलीच, पण हाताशी असावी म्हणून.

त्याच दुपारी सत्ताधारी पॅनेलचा एक माणूस यादी बघायला आला. काळा गॉगल, पांढरे कपडे. यादी चाळता चाळता थांबला. गारगोटीकडच्या एका गावाचं पान होतं.

"पावणं, ह्यात शिंदे दिसंनात की."

"हायत. अगदी वर बघा. किणेकराच्या खाली."

त्यानं गॉगल काढला. ते गाव निम्मं शिंद्यांचं, आणि शिंदे सगळे विरोधात, हे मला नंतर कळलं. त्याला आधीच माहीत होतं.

"म्हंजे मतदानादिवशी कारकून शिंद्याला श मधे हुडकणार."

"व्हय."

"आणि न्हाय म्हणून सांगणार. दुपारपतोर घोळ. निम्मी माणसं घरला." त्यानं गॉगल परत चढवला. "हीच द्या. हात लावू नका. नाव तर कुणाचं गाळलेलं न्हाय न्हवं? मग झालं. पुढच्या वर्षापास्नं वजनकाट्याच्या पावत्या, पगारपत्रकं, उसाच्या नोंदी, सगळं कारखान्याचं काम तुमच्याकडं."

तो गेला. मी खुर्चीत बसलो आणि मनातल्या मनात शेजारचा गाळा विकत घेतला, भिंत पाडली, आणखी दोन कॉम्प्युटर मांडले. फरशीवर मास्तर तुकडे मांडून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तम्मा, माझी यादी उद्या तयार हुतीया."

"गरज न्हाय आता. हीच द्यायची."

"ही? ही यादी न्हवं, चेंगराचेंगरी हाय."

"मास्तर, तुमचं काय जातंय? तुमचं नाव हाय का त्यात?"

"न्हाय. म्हणून तर मोकळ्या मनानं बघालोय."

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, हे दुकान माझं आहे, यंत्र माझं आहे. मास्तर शांतपणे तुकडे गोळा करत म्हणाले, "व्हय की. वेलांटी तेवढी तुझी न्हवं." मग उठले, टोपी काढून पडद्यावर घातली. ही त्यांची यंत्राचा राग आल्याची खूण. तेव्हा राग यंत्राचाच आहे असं मी समजलो. दारात थांबून एवढंच म्हणाले, "रांगेत उभं करून माणसांना परातीतला कागद देणार तू."

शनिवारी मास्तर नेहमीच्या वेळी आले. जणू काही झालंच नाही. मी म्हणालो, कालच्या यादीच्या आणखी दोन प्रती लागतील. ते म्हणाले, "काढतो." दिवसभर प्रिंटर किंचाळत होता. दुपारी मी घरी जेवायला गेलो, पुरणपोळ्या होत्या, जरा आडवा झालो. परत आलो तर टेबलावर सुतळीनं बांधलेले तीन गठ्ठे.

आता मी काही असा तसा माणूस नाही. माल न बघता उचलत नाही. तिन्ही गठ्ठ्यांचे वरचे कागद मी बघितले. किणेकर, किल्लेदार, गिरी. बरोबर. म्हणजे चूकच, पण हवी ती चूक. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्याजवळ चहाचा कप होता. सौदा करताना मी समोरच्याचे डोळे बघतो. त्या दिवशी मी कप बघायला हवा होता. तो रिकामा होता, आणि बशी त्याच्यावर नाही, खाली होती.

सोमवारी सकाळी मी स्वतः, माझ्या हातानं, माझ्या स्कूटरवरून ते गठ्ठे अधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवले. गॉगलवाला शेजारी उभा होता. अधिकाऱ्यानं सुतळी सोडली.

"हा वरचा कागद सुटाच आहे हो. जादा छापलाय का?"

त्यानं तो बाजूला ठेवला. खाली: अकिवाटे, अडसूळ, आंबी, इंगळे. आणि अशीच गावामागून गावं, नावामागून नाव, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी. अधिकाऱ्यानं चार पानं चाळली, म्हणाला, "वा, अशी यादी पहिल्यांदाच बघतोय," आणि धपाधप शिक्के मारले. गॉगलवाल्यानं गारगोटीकडचं पान काढलं. श. शिंदे, शिंदे, शिंदे, शिंदे, दीड पान. त्यानं माझ्याकडं बघितलं. गॉगल चढवला आणि निघून गेला.

मी स्कूटर कशी चालवली मला आठवत नाही. दुकानात शिरलो तो ओरडतच. मुलींनी मशीन थांबवली. मी मास्तरांना काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्यातला कुठलाच शब्द शब्दकोशात क्रमानं लावता येणार नाही. घर बुडवलंत माझं, म्हणालो. विश्वासघात केलात, म्हणालो.

मास्तर म्हणाले, "मंडईतला बागवान काय करतोय, तम्मा? वर चांगली टमाटी, खाली नासकी. मी उलटं केलं. तू सगळ्या गावाला घासून घेतोस, आणि माल बघितलास नुसता वरचा?"

"चालते व्हा."

"व्हय की," ते म्हणाले. पाटी उचलली, टोपी झटकून घातली. तुकड्यांचा गठ्ठा मात्र सुतळी बांधून यंत्राजवळ ठेवून गेले. मी बघितलं, वरच्याच तुकड्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "यडं". जाता जाता मला दिलेलं सर्टिफिकेट. मी तो गठ्ठा ड्रॉवरमध्ये भिरकावला.

कारखान्याचं काम अर्थातच गेलं. आणि गंमत म्हणजे पॅनेल तेच निवडून आलं, दणक्यात. म्हणजे शिंद्यांनी मतं देऊन काही फरक पडला नाही, आणि माझा शेजारचा गाळा मात्र एका टेलरनं घेतला. हा हिशेब मी मास्तरांना ऐकवायला हवा होता. पण ते गडहिंग्लजला भावाकडं निघून गेले होते, आणि मी काही बोलवायला जाणारा नव्हतो.

निवडणुकीनंतर पंधरा दिवसांनी एक म्हातारा दुकानात आला. फेटा, हातात काठी, बगलेत फडक्यात गुंडाळलेली गुळाची ढेप.

"यादी हितंच छापली न्हवं? त्यो कपाळाला भस्म लावणारा मास्तर कुठाय?"

"न्हाय इथं. काय काम?"

"काम कसलं? पंचवीस वर्सं मतदान करतोय, दर टायमाला नाव हुडकायला अर्धा दीस. कारकून मला म्हणतोय, आबा, तुमी मेलाय का बघा. औंदा बोट ठेवलं आणि सापडलं. माझ्या खाली माझा भाऊ, त्याच्या खाली पोरगा. कारकून म्हणाला, यादी देतानाच एक मास्तर येऊन दाखवून गेल्यात, कसं बघायचं त्ये." त्यानं ढेप टेबलावर ठेवली. "शिंदे म्हणून सांगा. शि. ऱ्हस्व."

म्हणजे मास्तर एसटीनं त्या गावालाही जाऊन आले होते. गूळ मी ठेवून घेतला. चांगला होता. पोचता करायचा होता, पण पत्ता नव्हता. म्हणजे मी विचारला नव्हता.

मास्तर वारल्याचं मला बऱ्याच वर्षांनी कळलं, कुणाकडून तरी, एसटी स्टँडवर; तेव्हा त्यालाही दोन वर्षं होऊन गेली होती. त्याच सुमारास मी ते महागातलं कार्ड घ्यायचं ठरवलं. पुण्याचा तोच विक्रेता आला, आता केस पिकलेला. त्यानं यंत्रात कार्ड बसवलं आणि म्हणाला, "साहेब, बघा, क्रम एकदम परफेक्ट."

"असं तोंडी न्हाय चालणार," मी म्हणालो. ड्रॉवर उघडला, तुकड्यांचा गठ्ठा काढला आणि विक्रेत्याच्या देखत फरशीवर मांडी घालून बसलो. सुतळी सोडली. वर ते "यडं". ते बाजूला ठेवलं.

खाली दुसरा तुकडा: "शहाणं".

दोन्ही एकावर एक ठेवून गेले होते. मला नासकं वर दिसलं आणि मी ड्रॉवर लावून घेतला. वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, आणि एकदाही सुतळी सोडली नाही.

विक्रेता म्हणाला, "साहेब, भावाचं बोलायचं का?"

"थांब जरा," मी म्हणालो, आणि अ पासून तुकडे मांडायला लागलो.